एका पत्त्यावर तीन अर्ज

तपासनीस आज तीन वाजता येणार, हे पत्र घरात सकाळी अकराला पोचलं. अकरा वाजून पाच मिनिटांनी घरातल्या प्रत्येकाला कळलं, की आपल्याशिवाय आणखी दोन चोर या घरात राहतात.

दादाने लाँड्रीच्या काउंटरवर उभं राहून पत्र मोठ्याने वाचलं. महामारी मदत कक्ष. आपल्या पत्त्यावरून तीन अर्ज आले आहेत. रहिवासी विभागात एक, व्यवसाय विभागात एक, सेवाभावी संस्था विभागात एक. एका पत्त्यावर एकच मदत मिळते. प्रत्यक्ष पाहणी करून बाकीचे दोन अर्ज रद्द होतील.

"व्यवसायाचा मी केला," दादा म्हणाला. "त्यात लपवण्यासारखं काय? दुकान माझ्या नावावर आहे. पण हा रहिवासी कोण उपटला?"

"मी उपटले," वहिनी जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून म्हणाली. "वर गॅस संपला की तुमचा बॉयलर येतो का शेगडीवर?"

"मला सांगायचं तरी."

"तुम्ही मला सांगितलंत?"

दादाने पत्र काउंटरवर ठेवलं. "आणि संस्था?" त्याने विचारलं, पण तेवढ्यात मागच्या खोलीत आत्याची खुर्ची करकरली आणि उत्तर मिळालं.

आत्या म्हणजे दादाच्या वडिलांची थोरली बहीण. मागची खोली तिची, आणि खोलीत कोट. लाँड्रीच्या पावतीमागे बारीक अक्षरांत छापलेलं असतं, सहा महिन्यांत कपडे न नेल्यास त्यांवर दुकानाचा हक्क राहील. कोणी वाचत नाही. "पावतीची मागची बाजू वाचणारं गिऱ्हाईक अजून जन्माला यायचंय," हे दादाचं लाडकं वाक्य. असे बेवारस राहिलेले कोट आत्या जमवते, उसवलेलं शिवते आणि नोकरीच्या मुलाखतीला जाणाऱ्यांना दोन दिवस फुकट देते. रीतसर नोंदलेली संस्था आहे, शिक्का आहे, अध्यक्ष आत्या, सचिव आत्या. तीन वर्षांपूर्वी दादाने त्यातले सात कोट अडगळ म्हणून जुन्या कपडेवाल्याला देऊन टाकले. तेव्हापासून आत्या दादाशी बोलत नाही. दादाविषयी बोलते.

"तुझ्या नवऱ्याला सांग," ती दारात येऊन वहिनीला म्हणाली, "संस्थेचा अर्ज संस्थेने केलाय. आम्हाला कोणाच्या परवानगीची गरज नाही."

"तिला विचार," दादा म्हणाला, "फॉर्म कोणी भरून दिला? तिला तर मोबाईलवर हिरवं बटण दाबलं की फोन लागतो एवढंच ठाऊक आहे."

आणि तिघांच्याही माना हळूहळू इस्त्रीच्या टेबलाकडे वळल्या. तिथे धाकटी, वहिनीची जाऊ, एका शर्टाची कॉलर ओढून बसवत होती. या शर्टाच्या कॉलरीत एवढं बघण्यासारखं काय आहे, असं कोणालाही वाटलं असतं, इतकं लक्ष देऊन.

"तिघांनीही मला सांगितलं होतं, कोणाला बोलू नकोस," ती मान वर न करता म्हणाली. "मी नाही बोलले."

&nbsp;

मदत शोधून काढावी लागते, हे मदत देणारे कधी सांगत नाहीत. पाच महिन्यांपूर्वी हॉटेलं बंद झाली आणि त्यांच्या चादरी यायच्या थांबल्या. बॉयलर गार पडला. त्याचं तपासणीचं प्रमाणपत्रही संपलं. धाकटीचा नवरा, म्हणजे दादाचा धाकटा भाऊ, जहाजावरच्या लाँड्रीत कामाला. त्याचं जहाज कुठल्याशा बंदराबाहेर उभं होतं, आणि उतरू कोणी देत नव्हतं. अशा वेळी आपल्या गावात मदत मिळते असं धाकटीने ऐकलं आणि ती शोधायला बसली.

मदत नगर कार्यालयाच्या संकेतस्थळावर होती. 'नागरिकांसाठी' उघडलं की 'सूचना', सूचना उघडल्या की पाणीपट्टीचं पान, आणि पाणीपट्टीच्या पानावर अगदी तळाला, मुंगीएवढ्या अक्षरांत, 'महामारी साहाय्य'. लोकांना मदत सापडू नये यासाठी पगार देऊन माणूस ठेवला असता, तरी त्याला इतकं चांगलं जमलं नसतं. हेल्पलाइनवर एक बाई गोड आवाजात सांगायची, आपला क्रमांक एकेचाळिसावा आहे. धाकटीने फोन खांद्यात धरून सगळे शिल्लक कपडे पिळून वाळत घातले. तेव्हा ती बाई म्हणाली, आपला क्रमांक एकोणचाळिसावा आहे.

आणि शेवटी सापडली ती तीन दारं. रहिवासी. व्यवसाय. सेवाभावी संस्था. एकच माणूस एकाच छपराखाली राहतो, राबतो आणि दुसऱ्याच्या उपयोगीही पडतो, हे ती दारं पाडणाऱ्याला कोणी सांगितलं नसावं. किंवा तो स्वतः यातलं काहीच करत नसावा.

आठवडाभरात घरातली तिन्ही माणसं एकेक करून, चोरपावलांनी तिच्याकडे आली. तिने तिघांचे अर्ज भरले, प्रत्येक पान मोठ्याने वाचून दाखवायला घेतलं, आणि तिघांनीही दुसऱ्या पानावर तेच म्हटलं : "ते राहू दे. सही कुठे करू, तेवढं सांग."

&nbsp;

"पत्रात शेवटी आणखी एक ओळ आहे," धाकटी आता म्हणाली. "ती दादांनी वाचली नाही."

दादाने पत्र पुन्हा उचललं. "अर्जांत नमूद केलेल्या व्यक्तींना तपासनीस प्रत्यक्ष भेटतील. मग भेटू दे की."

"कोणाला भेटतील? वहिनींच्या अर्जात एक अवलंबित बाई आहे. दादांच्या अर्जात एक महिला कर्मचारी आहे. आत्यांच्या अर्जात एक लाभार्थी आहे, यंदाची एकुलती एक." तिने इस्त्री उभी ठेवली. "तिघी मीच आहे."

"एकच नाव तीनदा लिहिलंस?" वहिनी किंचाळलीच.

"नावं वेगळी आहेत. तुम्ही म्हणालात सासरचं लाव. दादांच्या अर्जाला माझा शाळेचा दाखला जोडला, त्यावर माहेरचं आहे. आणि आत्यांनी त्यांच्या वहीत मला घरात हाक मारतात तेच लिहिलं होतं."

"खोटं आहे का यातलं काही?" आत्याने विचारलं.

धाकटीने क्षणभर विचार केला. "नाही. तीच तर पंचाईत आहे."

दादा डोकं धरून स्टुलावर बसला. "तिन्ही रद्द करतील. वर काळ्या यादीत टाकतील."

आत्याने भिंतीवरच्या खुंटीकडे पाहिलं. तिथे चार मास्क लटकत होते. बहात्तराव्या वर्षी तिच्या चेहऱ्यावर जे हसू आलं, ते बघून वहिनी जिन्याची एक पायरी मागे सरकली.

"तुझ्या नवऱ्याला सांग," आत्या म्हणाली, "हल्ली तोंड कोणाचं दिसतंय?"

&nbsp;

दादाला हा प्रकार अजिबात पसंत नव्हता. पण त्याचं मन दुसऱ्याच गोष्टीत अडकलं होतं. सोमवारी तो दुकानाची किल्ली औषधवाल्याला देणार होता. बोलणं पक्कं झालं होतं. औषधवाला टेप आणि खडू घेऊन येऊन गेला होता, त्याच्या रॅकच्या जागा फरशीवर आखूनही गेला होता. मदत मिळाली तर बॉयलर उचकटून फरशी सपाट करायची, एवढाच दादाचा हिशोब. घरात हे फक्त धाकटीला माहीत होतं, कारण त्या दुपारी शटर तिने उघडलं होतं. "कोणाला बोलू नकोस," दादाने तिलाच सांगितलं होतं. चौथं गुपित.

दुकान गेलं की धाकटीचं काय, हे दादाच्या डोक्यात आलं नाही. ते तिच्या डोक्यात दिवसरात्र होतं. गेल्या महिन्यात तिने आत्याचा निळा कोट चढवून, याच खोलीत, फोनसमोर बसून मुलाखत दिली होती. रुग्णालयाच्या मोठ्या लाँड्रीत जागा होती. डाग कशाने जातो, कुठलं कापड किती तापमानाला जळतं, सगळं तिने घडाघडा सांगितलं. मग समोरच्याने विचारलं, अनुभवाचा दाखला? सहा वर्षं ती या टेबलापाशी उभी होती, आणि ते सांगणारा एक चिटोरा तिच्याकडे नव्हता. घरच्या माणसाला कोण पगारपत्रक देतं? दुकान बंद पडलं, की वहिनीच्या अर्जातली अवलंबित तेवढी उरणार होती.

&nbsp;

तपासनीस बरोबर तीनला आला. किडकिडीत माणूस, उकाड्यातही कोट घातलेला, हातात तीन फायली. पाच महिने तो लोकांच्या घरांत शिरून रिकामी कपाटं बघत होता. रडणं त्याला पाठ झालं होतं.

वरच्या मजल्यावर वहिनीने त्याला अवलंबित दाखवली. जुना गाऊन, डोक्याला फडका, मास्क. ती खिडकीशी बसून खोकली.

"काही काम करता?"

"मी? छे," अवलंबित म्हणाली. "यांच्याच जिवावर आहे."

वहिनीने डोळ्याला पदर लावला. तो जरा जास्तच वेळ लावला.

"बरं," तपासनीस म्हणाला. "आता दुकान बघतो."

दादाने त्याला पुढच्या जिन्याने सावकाश खाली आणलं. प्रत्येक पायरीचा इतिहास सांगितला. तिसऱ्या पायरीपाशी मागच्या जिन्यावरून काहीतरी धडधडत खाली गेलं.

"मांजर," दादा म्हणाला.

"वजनदार आहे."

दुकानात एप्रन, टोपी आणि मास्क घातलेली कर्मचारी इस्त्री फिरवत होती. श्वास जरा जोरात चालला होता. तपासनीसाने इस्त्रीकडे पाहिलं, मग तिच्या मनगटाकडे. तिथे इस्त्रीच्या टोकाच्या आकाराचा जुना चटका होता. असाच चटका त्याने पाच मिनिटांपूर्वी खिडकीशी पाहिला होता. इस्त्रीचा प्लगही भिंतीत नव्हता. त्याने फाइलचं पान उलटलं. पाच महिन्यांत पहिल्यांदाच त्याला नोकरीत मजा येऊ लागली होती.

"किती वर्षं काम करता?"

"सहा." हे उत्तर इतकं सरळ आलं, की त्याने ते लगेच लिहून घेतलं.

मग त्याची नजर खाली गेली. "या खडूच्या रेघा कसल्या?"

दादाने एक रेघ चपलेखाली झाकली. "ते... अंतर राखायला. गिऱ्हाइकांनी लांब लांब उभं राहावं म्हणून."

"चौकोन बरेच लांबट आहेत."

"काही गिऱ्हाइकं आडवी असतात," दादा म्हणाला, आणि असं का म्हणालो ते त्याचं त्यालाही कळेना.

आत्या मागच्या दारात उभी होती. तिने रेघा पाहिल्या. चार चौकोन, भिंतीला लागून, आणि पाचवा थेट तिच्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत. आत्या आयुष्यभर कापडावर खडूने आखत आली होती. कोणती रेघ कापायची असते, हे तिला कोणी सांगावं लागत नाही. तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

कोटांच्या खोलीत लाभार्थी भेटली. निळा कोट, आत्याचा चष्मा, मास्क. कोटाच्या गळ्यातून एप्रनचा बंद बाहेर आला होता आणि एप्रनखाली गाऊनची किनार दिसत होती. काढायला वेळ कोणाला होता? तिच्या कपाळावरून घामाची धार चष्म्याच्या काचेवर उतरत होती.

"नोकरी मिळाली?"

"नाही. दाखला नव्हता."

"हं." तपासनीसाने तिन्ही फायली मिटल्या आणि अगदी गोड आवाजात, हेल्पलाइनवरच्या त्या बाईलाही लाजवेल अशा आवाजात म्हणाला, "सगळं व्यवस्थित आहे. आता फक्त त्या तिघींना एकदम समोर बोलवा. तिघींच्या सह्या एका कागदावर हव्यात."

वहिनी चहाचा ट्रे घेऊन आत येत होती. ट्रे तिच्या हातात राहिला, कप राहिला नाही. चहा तपासनीसाच्या कोटाच्या बाहीवर, कोपरापासून मनगटापर्यंत.

मग लाभार्थीने चष्मा काढून आत्याच्या हातात दिला. निळा कोट उतरवून हँगरला लावला. टोपी काढली. एप्रनची गाठ सोडली. गाऊन, डोक्यावर विस्कटलेला फडका आणि भिजलेला मास्क, एवढ्यावर ती उभी राहिली.

"आलो तिघी," धाकटी म्हणाली. "सही कुठे करू?"

तपासनीस हसायला लागला. आवाज न करता, खांदे हलवत, बराच वेळ. मग त्याने रुमालाने बाही टिपली. "बाई, यातली खरी कोणती?"

"तिन्ही. नवरा समुद्रात आहे, खाते ते यांचं. म्हणजे अवलंबित. सहा वर्षं इस्त्री करते. म्हणजे कर्मचारी, फक्त कागदावर नव्हते. आणि मुलाखतीला कोट आत्यांनी दिला. तुमच्याकडे दारं तीन आहेत, साहेब, त्याला मी काय करू?"

"नियम आहे. एकच ठेवता येईल. कोणता, ते ठरवा."

आणि घर फुटलं.

"घरचा!" वहिनी म्हणाली. "गिळायला तर लागतं ना सगळ्यांना?"

"संस्थेचा," आत्या म्हणाली. "म्हणजे निदान माझी खोली तरी कोणी चौकोनात कापून नेणार नाही." आणि तीन वर्षांत पहिल्यांदा ती सरळ दादाकडे वळली. "कोणाला दिलंस रे दुकान?"

दादाने वहिनीकडे पाहिलं, सवयीने, निरोप तिच्याकडून येईल म्हणून. वहिनीही त्याच्याकडेच बघत होती. "हो, कोणाला दिलंत?"

"औषधवाल्याला," तो म्हणाला. "सोमवारपासून. काय करू मग? गार बॉयलरची पूजा करू?"

"घरचाच अर्ज ठेवा, साहेब," दादा तपासनीसाला म्हणाला. "दुकान संपलं."

"थांबा." तपासनीसाने वहिनीची फाइल उघडली. "यात तुमच्याविषयी लिहिलंय. सगळ्यांसमोर वाचू?"

"नका," वहिनी म्हणाली.

"वाचा," आत्या म्हणाली.

"कुटुंबप्रमुख : काम करण्यास असमर्थ. कारण :" तपासनीसाने ओळ शोधली. "दुकान थंडावल्यापासून नीट जेवत नाहीत. रोज दुपारी खाली जाऊन गार बॉयलरवर हात ठेवून बसतात. डॉक्टर म्हणतात काही झालेलं नाही. मला माहीत आहे काय झालंय, पण त्यासाठी फॉर्ममध्ये रकाना नाही."

दादाचे कान लाल झाले. "हे तू लिहवलंस?"

"मग काय खोटं लिहवायचं?" वहिनी म्हणाली. तिचा पदर पुन्हा डोळ्याला गेला, पण या वेळी तपासनीस आहे हे ती विसरली होती.

धाकटी पुढे आली. "दादांचा ठेवा, साहेब. तिसरं पान बघा."

तपासनीसाने दादाची फाइल उघडली. "मदत घेणाऱ्या व्यावसायिकाने ती दुरुस्ती व पगारासाठीच वापरावी. दोन वर्षं जागा दुसऱ्याला देऊ नये. नमूद कर्मचाऱ्यास नेमणूकपत्र व दरमहा पगारपत्रक द्यावं. खाली सही आहे. ही तुमचीच ना?"

दादाने सही पाहिली. शेपटी ओढलेली, झोकदार, त्याचीच.

"मी वाचलं नव्हतं हे."

"मी वाचायला घेतलं होतं," धाकटी म्हणाली. "तुम्ही म्हणालात, राहू दे."

आत्याच्या तोंडून पहिल्यांदा नुसती हवा बाहेर पडली, मग हसू फुटलं. खुर्चीचा हात धरून ती हसत राहिली. "पावतीची मागची बाजू!" एवढंच तिला बोलता आलं. "अरे, पावतीची मागची बाजू!"

"नको असेल तर आत्ता सांगा," तपासनीस म्हणाला. "मी हा रद्द करून घरचा ठेवतो. जबरदस्ती नाही. पण एकदा नेला की नेला."

दादा बॉयलरकडे गेला. त्यावर हात ठेवला. हात ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं, की सगळे बघताहेत आणि आता सगळ्यांना याचा अर्थ ठाऊक आहे. त्याने हात पटकन खिशात घातला.

"नेमणूकपत्र कधीपासूनचं द्यायचं?" त्याने विचारलं. कोणाकडे न बघता.

"सहा वर्षांपूर्वीपासूनचं," धाकटी म्हणाली.

"आणि ते सात कोट?" आत्याने विचारलं.

"ते आता कुठून आणू, आत्या?"

"आणू नकोस. मागच्या खोलीला हात लावू नकोस, म्हणजे झालं."

तपासनीसाने दोन फायलींवर रेघ मारली आणि तिसरी काखेत घेतली. मग निघाला, बाहीकडे बघून थबकला. "हा डाग जाईल का?"

"चहाचा ना? ओला आहे तोवर जातो," धाकटी म्हणाली. "काढून द्या. फुकट नाही, हं. नाहीतर म्हणाल लाच दिली."

कोट काउंटरवर आला. दादाने खणातून पावतीपुस्तक काढलं. पाच महिन्यांत ते उघडलं नव्हतं, पानं एकमेकांना चिकटली होती. त्याने लिहिलं : कोट, एक, करडा. डाग, उजवी बाही. मग पेन 'परत देण्याचा वार' या रकान्यापाशी येऊन थांबलं. तीन दिवसांनी, सोमवारी, किल्ली द्यायची होती. बॉयलर बंद, म्हणजे कोट हाताने धुवायचा, सावलीत वाळवायचा.

धाकटी इस्त्रीचा प्लग भिंतीत लावत होती. आत्या ओल्या फडक्याने फरशीवरची एक रेघ पुसत होती. वाकताना कण्हत होती, पण मदत नको म्हणत होती.

दादाने लिहिलं : गुरुवार.

त्याने पावती फाडून पुढे केली. तपासनीसाने ती घेतली, नेहमीसारखी खिशात कोंबणार एवढ्यात थांबला. मग उलटी केली, खिशातून चष्मा काढला आणि दारातल्या उजेडात उभा राहून मागची बाजू वाचू लागला. पहिल्या ओळीपासून.